टरफलं राह्यली घरी

माझ्या आईला टीव्हीनं नापास केलं. तेही गणपतीसमोर, सोसायटीच्या भरल्या हॉलमध्ये आणि शुद्ध मराठीत. इंग्रजीत केलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. इंग्रजी अक्षरं दिसली की आई ते आपलं कौतुकच समजते आणि मान डोलावते. पण माझा मेहुणा जितेंद्र प्रताप नगरला राहतो आणि कॉम्प्युटरचं कायकाय करतो. त्यानं तो गाण्याचा खेळ आमच्या लॅपटॉपमध्ये टाकताना हौसेनं सगळं मराठीत करून दिलं होतं. मेहुण्याची हौस ही जावयाला नेहमीच महाग पडते.

खेळ असा की टीव्हीवर गाण्याचे शब्द येतात आणि शब्दांच्या वर बारीक बारीक पट्ट्या येतात. पट्टी वर असेल तर सूर वर न्यायचा, खाली असेल तर खाली आणायचा, लांब असेल तर तेवढा वेळ धरून ठेवायचा. माइकमधून टीव्ही ऐकत असतो आणि बरोबर आलं की पट्टी भरतो. शेवटी दहा हजारांपैकी मार्क, आणि मार्कांखाली शेरा. शेरे तीनच: 'वाहवा!', 'बरं आहे' आणि 'पुन्हा प्रयत्न करा'.

आमच्या वरच्या मजल्यावर वामनराव राहतात. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात, आणि समोर पेटी नसली तरी त्यांची बोटं मांडीवर चालूच असतात. त्यांना 'वाहवा!' मिळालं. त्यांनी ते डोळे मिटूनच स्वीकारलं. मग बायकांनी आईला हाताला धरून उभं केलं. आईनं सिनेमातलं एक जुनं गाणं आपल्या चालीवर, आपल्या सोयीनं म्हटलं. मधलं एक कडवं तिला पटलं नाही म्हणून गाळलं, आणि आवडलं ते दोनदा घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टीव्हीनं वाजवल्या नाहीत.

"मनकर्णाबाई, पुन्हा प्रयत्न करा!" भैयाजींनी माइकवर खणखणीत वाचून दाखवलं. भैयाजी म्हणजे आमचे सेक्रेटरी. समोर लिहिलेलं जे दिसेल ते माइकवर वाचायची त्यांना सवय आहे. एका वर्षी आभारप्रदर्शन करताना त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात बायकोनं लिहिलेलं 'येताना मिरच्या अन् सांबार आणणे' हेदेखील वाचलं होतं (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर), आणि त्यालाही टाळ्या पडल्या होत्या.

आईनं माइक पदरानं पुसून परत दिला आणि खुर्चीवर येऊन बसली.

आमच्याकडे गणपती गेले की भुलाबाई बसते. मातीचे भुलोबा-भुलाबाई, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरीबाळींनी जमून टिपऱ्यांवर गाणी म्हणायची. शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. ओळखला नाही तोवर डबा उघडत नाही. बेसाच्या आमच्या या स्कीममध्ये, म्हणजे सोसायटीत, राहायला आल्यापासून हा सगळा कारभार आईकडे आहे. पलीकडच्या इमारतीतल्या, घरी हिंदी बोलणाऱ्या पोरीसुद्धा तिच्या हाताखाली भुलाबाईची गाणी शिकल्या. त्यांच्या आया मला लिफ्टमध्ये विचारतात, "भैया, ये वावर क्या होता है?"

यंदा आईनं मांडव बांधला, मूर्ती बसवल्या, दिवा लावला आणि सोफ्यावर जाऊन बसली.

"गाणी तुम्ही म्हणा वं पोरींनो," ती म्हणाली. "टीव्हीनं सांगतलं ना, मले येत नाही म्हणून."

"आई, ते मशीन आहे," मी म्हणालो. "त्याले काय समजते?"

"त्याले समजत नाही त मंग साऱ्या लोकाईसमोर काहून लावलं होतं?"

मी ऑडिट खात्यातला माणूस. शंका काढणं माझं काम, उत्तरं देणं समोरच्याचं. त्यामुळे असे प्रश्न माझ्यावर आले की मी पाणी प्यायला उठतो.

पोरींनी मोबाइलवरून दोन गाणी लावली, टिपऱ्या कशाबशा आपटल्या आणि खाऊ मागितला. इथं मला खरी काळजी वाटली. डब्यातला खाऊ ओळखायला लावण्यात आईचा हात कोणी धरू शकत नाही. ती लाडू विचारला की "गोल नाही," म्हणते आणि वडी विचारली की "चौकोनी नाही," म्हणते, आणि निघतात लाडूच, पण तिनं ते दाबून चपटे केलेले असतात. त्या दिवशी तिनं काही न विचारता झाकण काढलं आणि डबा पोरींच्या पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दोन पोरी आल्याच नाहीत.

मी जितेंद्रला फोन केला.

"जिजाजी, एकदम सिंपल आहे," तो म्हणाला. "त्या खेळात आपलं स्वतःचं गाणं टाकता येते. काकूंचंच गाणं टाका. त्यांच्याच आवाजावरून पट्ट्या बनवा. मंग त्यांच्यापेक्षा जास्त मार्क कोणाले भेटतीन?"

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की मी हुरळलो. जितेंद्रच्या 'सिंपल'चा आणि माझा जुना परिचय आहे. गिझरही त्यानं सिंपल म्हणूनच बसवला होता. तो सुरू केला की बेल वाजते.

गाणं कोणतं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. आईचं एक घरचं गाणं आहे. तिच्या माहेरी कोणीतरी रचलं, सासरी येऊन तिनं वाढवलं. घरातला एकेक माणूस सुनेला एकेक वस्तू मागतो:

सासू म्हणे सूनबाई, शेंगा कुठं ठेवल्या?
शेंगा गेल्या बाजारी, टरफलं राह्यली घरी.
सासरा म्हणे सूनबाई, विळा कुठं ठेवला?
विळा गेला वावरी, मूठ राह्यली घरी.
दीर म्हणे वयनीबाई, जोडे कुठं ठेवले?
जोडे गेले जत्रेले, पाय राह्यले घरी.

असं करत करत शेवटी घरधन्याची पाळी येते. तिथं ज्याच्या घरी भुलाबाई बसली असेल त्याचं नाव घालायचं. आमच्याकडे अर्थातच वडलांचं:

नानाजी म्हणे मायबाई, सून तुमची कुठं गेली?
सून गेली माहेरी, सासू राह्यली घरी!

लहानपणी मला हे गाणं फार आवडायचं, कारण वर्षातून तेवढा एक महिना बापाचं नाव छतापर्यंत आवाज जाईल असं ओरडता यायचं आणि मार बसायचा नाही. नानाजी तेव्हाही ओसरीवरून "हाव, आलो!" म्हणत. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण आपलं नाव कोणी घेतलं तर येतं. आपलं सोडून दुसऱ्याचं नाव ऐकण्यात तसाही फारसा फायदा नसतो.

आता पहिली अडचण. जी बाई गातच नाही तिचं गाणं रेकॉर्ड कसं करायचं? ही अडचण माझ्या बायकोनं, मयुरानं, सोडवली. ती स्वयंपाकघरात गेली, मी पिठाच्या डब्यामागे मोबाइल लपवला, आणि मयुरानं भाजी फोडणीला टाकता टाकता ते गाणं मुद्दाम चुकीचं म्हणायला सुरुवात केली. विळ्याला तिनं बाजारात पाठवलं आणि शेंगांना जत्रेत.

दोन ओळीही झाल्या नसतील. आतल्या खोलीतून आवाज आला, "असं नाही वं!" आणि पाठोपाठ आई आली. हातात निवडायची मेथी, तोंडानं गाणं. सबंध गाणं तिनं उभ्या उभ्या म्हणून दाखवलं, ताल ओट्यावर चमच्यानं धरला. मधे कुकरची शिट्टी झाली. मधे ती न थांबता, त्याच लयीत, "गॅस बंद कर वं मयुरा," म्हणाली आणि पुढच्या कडव्याला लागली. शेवट झाला, मेथी घेऊन परत गेली, आणि दारातून वळून म्हणाली, "मी गात नाही आहो. सांगून राहिली फक्त."

झालं. माल हाती आला. आता त्याच्या पट्ट्या पाडायच्या.

हे काम करायला घेतलं तेव्हा मला वाटलं, आपण याच्यासाठीच जन्माला आलो. गाण्याचं एकेक अक्षर वेगळं लिहायचं. 'शेंगा' म्हणजे 'शें' एक नोंद आणि 'गा' दुसरी. प्रत्येक नोंदीपुढे तीन आकडे: कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, किती उंच गेलं. म्हणजे गाण्याचं लेखापरीक्षणच! आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, आता स्वतःच्या करायच्या होत्या. कानाला हेडफोन लावून मी बसलो आणि 'शें' कुठं सुरू होतो ते शोधू लागलो.

'शें' कुठंही सुरू होत नाही. तो आधीच्या 'बाई'च्या पोटातच असतो आणि हळूच बाहेर येतो. मी पट्टी लवकर लावली तर गाणं धावतंय असं वाटे, उशिरा लावली तर रेंगाळतंय असं. शिवाय आईचा चमचा पहिल्या कडव्यात सावकाश चालतो, जोड्यांच्या कडव्यात तिला हसू येतं म्हणून पळतो आणि कुकरच्या शिट्टीला शिट्टीच्या लयीत जातो. जितेंद्र म्हणाला, "जिजाजी, सिंपल आहे, एकच लय धरा साऱ्या गाण्यासाठी." मी धरली. तर पाय जत्रेत आणि जोडे घरी राहू लागले.

उंचीचा प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून वामनरावांना बोलावलं. ते पेटी घेऊनच खाली उतरले. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं, एक पट्टी दाबली, मान हलवली. दुसरी दाबली, मान हलवली. मग दोन्ही एकदम दाबल्या आणि चहा मागितला.

"दुर्गेशभाऊ," ते गंभीरपणे म्हणाले, "काकूचा सूर काळी चार अन् पांढरी पाचच्या मधात आहे."

"मग मधली पट्टी वाजवा ना."

"मधात पट्टी नाही. मधात फट आहे." त्यांनी बोट फिरवून ती फट मला दाखवली. "माह्या पेटीत हा सूर नाही. हा पेटीच्या लाकडात आहे."

तरी ते रोज येत राहिले. माणूस सल्ला द्यायला आला की आधी पाच मिनिटं बसतो. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची ठरते, तिसऱ्या दिवशी त्याला तुमच्या चहात साखर कमी लागते. वामनराव तिसऱ्या दिवसापर्यंत सगळं गाणं तोंडपाठ म्हणू लागले. मला ते साधं सौजन्य वाटलं. ही माझी चूक पुढे येईलच.

गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत आलं आणि मला ती जागा सापडली. आई 'दीर' म्हणते, 'जोडे' म्हणते, आणि घरधन्याच्या नावाशी आली की चमचा एकदा वाजतो आणि पुढे काहीच नाही. रिकामं. मग एकदम "म्हणे मायबाई, सून तुमची कुठं गेली?" मी तीनतीनदा ऐकलं. जिथं 'नानाजी' पाहिजे तिथं शांतता. आई नाव विसरली! ऐंशीच्या घरातली बाई, नवऱ्याचं नाव विसरली!

हे मयुराला सांगायची हिंमत झाली नाही. उगाच घरात घबराट नको म्हणून मी स्वतःच्या आवाजात 'नानाजी' रेकॉर्ड केलं, ते त्या रिकाम्या जागेत बसवलं, तीन अक्षरांच्या तीन पट्ट्या लावल्या, आणि आईची लाज राखल्याचं समाधान मनातल्या मनात घेतलं. त्या दिवसापासून मी तिला सहज म्हणून काहीही विचारू लागलो. आज वार कोणता, आपला जुना दूधवाला कोण. चौथ्या प्रश्नाला ती म्हणाली, "तुले काही आठवून नाही राहिलं काय गा? बदाम खात जा."

गाणं तयार झाल्यावर भैयाजींकडे गेलो. कोजागरीला हॉलमध्ये सगळ्यांसमोर आईला 'वाहवा!' मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. जिथं हरली तिथंच जिंकली पाहिजे.

"आयडिया फर्स्ट क्लास," भैयाजी म्हणाले. "पण अर्ज द्या. सोबत गाण्याची प्रत द्या. रूल म्हणजे रूल."

प्रत दिली. ती कमिटीपुढे गेली. कमिटीनं गाणं ओळीओळीनं वाचलं. भैयाजींनी मोठ्यानं वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. 'सासू राह्यली घरी' या ओळीवर दोन सभासदांनी आपापल्या घरची परिस्थिती लक्षात घेता आक्षेप नोंदवला, पण तो फेटाळला गेला. विळा हे शस्त्र आहे की अवजार, यावर थोडा वेळ गेला. आणि मग सगळे 'नानाजी'पाशी अडकले.

"कार्यक्रम सोसायटीचा," भैयाजी म्हणाले, "त्यात एका खाजगी सभासदाचं नाव कसं येईन? उद्या बाकीचे म्हणतीन, आमचं काहून नाही?"

"अहो, ज्याच्या घरी भुलाबाई असते त्याचं नाव घालतात. पद्धतच आहे."

"बरोबर! हॉल कोणाच्या घरचा? सोसायटीचा. म्हणजे सोसायटीचं नाव."

तर्क चुकीचा असला तरी नियमात बसत होता, आणि अशा तर्कांसमोर गप्प बसायची मला सरकारी सवय आहे. एकमतानं ठराव पास झाला. घरधनी: 'सम्राट एनक्लेव्ह'. शिवाय दोन अटी होत्या. गाण्याचं रेकॉर्डिंग सरावासाठी सर्व सभासदांना मोबाइल ग्रुपवर पाठवावं, आणि कार्यक्रमानंतर हॉल अर्जदारानं झाडून द्यावा.

'ना-ना-जी'च्या तीन पट्ट्यांत 'सम्राट एनक्लेव्ह' कोंबणं म्हणजे पाहुण्यांची बॅग आमच्या डिकीत कोंबण्यासारखं होतं. 'सम्राट' कसाबसा गेला. 'एनक्लेव्ह'चा 'व्ह' बाहेर लोंबत राहिला. तो मी पुढच्या 'म्हणे'च्या अंगावर घातला. असं ते 'सम्राटेनक्लेव्म्हणे मायबाई' झालं.

त्या सगळ्या तणावात मी अखेर मयुराला मनातली भीती सांगितली. म्हटलं, "तू घाबरू नकोस, पण आई नानाजींचं नाव विसरते."

मयुरा पोळी लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्यासाठी लाटणं फार वेळा खाली ठेवलेलं नाही.

"अहो, विसरत नाहीत त्या. नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यांच्या पोटचे ना तुम्ही? त्या जागी त्या फक्त टिपरी मारतात अन् बाकीच्यांकडे पाहतात. मग पोरी नाव घेतात."

"पण रेकॉर्डिंगमध्ये तू तर होतीस तिथं! तू का नाही घेतलंस?"

"मी सासऱ्यांचं नाव घेऊ? त्या नवऱ्याचं घेत नाहीत, मी सासऱ्यांचं घेत नाही. मग काय कुकर घेईल?"

मला कळेना की इतकी वर्षं ही गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही. मग आलं लक्षात. त्या क्षणी मी स्वतःच इतक्या जोरात ओरडत असे की आई काय करते ते ऐकू येणं शक्यच नव्हतं.

वामनराव नेहमीप्रमाणे चहाला बसलेच होते. ते म्हणाले, "पण उखाण्यात त घेते ना काकू नाव?"

आतून आईचा आवाज आला, "उखाणा लग्नात घेतला ना म्या. एका वेळचा घेतलेला पुरते. सांगा त्या पिठाच्या डब्याले!"

म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं! पिठाच्या डब्यामागचा मोबाइल, माझे हेडफोन, बदाम, सगळं. तरी ती गायला तयार नव्हतीच. मी भैयाजींकडे धावलो, म्हटलं, ती जागा रिकामी ठेवू द्या, तिथं मार्कच नकोत. खेळात तशी सोय आहे. भैयाजी हळहळले. पण ठराव बदलायचा तर सभा, सभेला सूचना, सूचनेला मुदत. "कोजागरी त्याआधी आहे," ते म्हणाले. "चंद्र पुढं ढकलता आला असता त पाहू म्हटलं असतं."

तिकडे ग्रुपवर पाठवलेलं रेकॉर्डिंग स्कीमभर वाजू लागलं होतं. लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये बायका सराव करत होत्या. एकदा खाली उतरताना मी कान दिला आणि पायरीवरच थांबलो. सगळ्या जणी विळ्याच्या कडव्यानंतर, ताल न सोडता, एका सुरात म्हणत होत्या, "गॅस बंद कर वं मयुरा." पलीकडच्या इमारतीतल्या एका बाईनं मला विचारलं, "भैया, ये मयुरा ननद है क्या?"

ती ओळ काढून टाकायला मी विसरलो होतो. पट्ट्यांसकट. आणि मंजूर झालेल्या मजकुरात आता हातही लावता येत नव्हता, कारण ती ओळ प्रतीत नसली तरी सरावात आली होती, आणि भैयाजींच्या मते जे सरावात आलं ते प्रथेत आलं.

कोजागरीच्या संध्याकाळी आईला आम्ही दुधाचं निमित्त सांगून हॉलमध्ये आणलं. तिनं भुलाबाई पाटावर घालून आणली, सोबत खाऊचा डबाही आणला, पण टिपऱ्या घरीच ठेवल्या. मी गुपचूप खिशात घालून आणल्या. नानाजींना मागच्या रांगेत पंख्याखाली खुर्ची दिली. हॉलचा टीव्ही मोठा, पण आवाज स्पीकरमधून उशिरा येत होता. शब्द आधी दिसत, गाणं मागून येई.

"म्हणजे ऐकू यायच्या आधीच म्हणायचं?" वामनरावांनी विचारलं.

"हाव."

"बापा! हे त मोठमोठ्या गवयांले नाही जमत," असं म्हणून ते पहिला नंबर लावायला उठले.

माझी योजना अशी नव्हती. माझ्या योजनेत आई पहिली होती. पण माइक वामनरावांच्या हातात गेला, आणि रोजच्या चहानं तयार झालेले वामनराव सुटले. डोळे मिटून त्यांनी शेंगा बाजारी नेल्या, विळा वावरी नेला. एकेक पट्टी काठोकाठ भरत गेली. काळी चार आणि पांढरी पाचच्या मधल्या त्या फटीत हा माणूस बेमालूम शिरला होता. आणि मग त्यांनी "गॅस बंऽऽद कर वं मयुराऽऽ" अशी तान घेतली की टीव्हीवर चांदण्या उडाल्या. मयुरा पदरात तोंड लपवून हसत होती. मी आईकडे पाहिलं. ती पुढे झुकून, डोळे बारीक करून ऐकत होती.

"सम्राटेनक्लेव्म्हणे मायबाई," वामनराव म्हणाले, "सून तुमची कुठं गेली?"

मार्क आले. साडेनऊ हजारांच्या वर. भैयाजी माइक खेचून ओरडले, "वाहवा!"

माझ्या आईचं गाणं, माझ्या आईचा आवाज, मी हेडफोन लावून बसवलेल्या पट्ट्या, आणि 'वाहवा' वरच्या मजल्यावर! मी कोणावर चिडावं ते ठरवतच होतो, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"असं नाही गा!"

आई उठली होती. "सम्राट कोन होय? त्याची कायची सून अन् कायची सासू? या वं पोरींनो इकडं." तिनं माझ्यापुढे हात पसरला. मी मुकाट्यानं खिशातून टिपऱ्या काढून दिल्या. भैयाजींनी घाईघाईनं गाणं पुन्हा सुरू केलं आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला. आईनं टीव्हीकडे पाठ केली.

आणि ती गायली. पट्ट्या पुढे गेल्या, ती मागे राहिली. मग जोड्यांच्या कडव्याला तिला हसू आलं आणि ती पट्ट्यांना मागे टाकून निघून गेली. सासूचं कडवं तिनं दोनदा घेतलं. पोरी तिच्याभोवती गोल फिरत होत्या. शेवटच्या कडव्याशी तिनं टिपरी एकदा वाजवली आणि थांबली. पडद्यावर 'सम्राट एनक्लेव्ह' आलं असेल, गेलं असेल, कोणी पाहिलं नाही. ती पोरींकडे बघत होती.

"नाऽनाऽजीऽ!" पोरी किंचाळल्या. त्यांच्या आयाही किंचाळल्या. सगळ्यात मोठा आवाज माझा होता असं मयुरा सांगते.

मागच्या रांगेतून नानाजी दुधाचा ग्लास घेऊन उठले. "हाव! आलो, आलो!"

हॉल हशानं दणाणून गेला. आई हसत हसत शेवटची ओळ म्हणाली, आणि थांबायच्या ऐवजी माझ्याकडे टिपरी रोखून तिथल्या तिथं एक नवं कडवं जोडलं:

दुर्ग्या म्हणे मायबाई, मार्क कुठं ठेवले?
मार्क गेले टीव्हीत, गाणं राह्यलं घरी!

टीव्हीवर काय आलं हे तुम्हाला कळलंच असेल. भैयाजींच्या समोर ते लिहिलेलं होतं, म्हणजे त्यांनी वाचलंच: "मनकर्णाबाई, पुन्हा प्रयत्न क..." आणि पहिल्यांदाच त्यांची जीभ मध्ये अडखळली. आईनं त्यांच्या हातातला माइक घेतला, पदरानं पुसला आणि टीव्हीसमोर ठेवला. "घे बापा. आता तू म्हण," ती त्याला म्हणाली आणि डब्याकडे वळली.

तिनं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. "ओळखा!"

लाडू? "गोल नाही." वडी? "चौकोनी नाही." भैयाजी म्हणाले चिवडा, वामनराव म्हणाले अनारसे, पलीकडच्या इमारतीतली ती बाई म्हणाली "मयुरा?" अख्खी स्कीम हरली तेव्हा कुठं झाकण उघडलं. आत भाजलेल्या शेंगा होत्या. सराव सुरू झाल्यापासून पहिल्याच ओळीत सगळ्यांच्या तोंडी असलेल्या, आणि कोणालाही न सुचलेल्या.

शेंगा संपल्या, दूध संपलं, माणसं चंद्र बघायला गच्चीवर गेली. मी खाली राहिलो, कारण अर्जदार मीच होतो. केरसुणी घेऊन हॉल झाडत होतो. इतकी टरफलं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. टीव्हीच्या खालचं झाडून, ढीग करून पाठ सरळ केली, तर दारात आई उभी होती, नानाजींचा रिकामा ग्लास हातात घेऊन. तिनं हॉलवरून नजर फिरवली, कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि अगदी भैयाजींच्या आवाजात म्हणाली,

"दुर्ग्या, पुन्हा प्रयत्न कर."